बाजारात न आलेली मैना

एकदा बेझंट नगरचे एक निवृत्त प्राध्यापक आपला जुना कॉम्प्युटर घेऊन चेन्नईजवळच्या आवडी गावात माझ्याकडे आले. झाकण उघडलं तर आत पालीची दोन अंडी. मी चिमटा उचलला तसे ते कळवळून म्हणाले, "नको, नको, पिल्लं निघू देत. मला घाई नाही." तीन आठवडे ते मशीन माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं. प्राध्यापक दर शनिवारी फोन करायचे आणि चौकशी करायचे ती अंड्यांची. दुसरे एक गृहस्थ आले ते चांगलं चालणारं मशीन घेऊन. तक्रार काय, तर पूर्वी ते गुणगुणायचं, हल्ली गुणगुणत नाही. कुणीतरी त्यात नवा, बिनआवाजाचा पॉवर सप्लाय बसवला होता. मी अडगळीतला जुना घुमणारा ट्रान्सफॉर्मर लावून दिला, तेव्हा त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

या धंद्यात अशीच गिऱ्हाइकं भेटतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. चाळीसेक वर्षांपूर्वी घरगुती कॉम्प्युटर म्हणजे नुसता एक जाडजूड कीबोर्ड असायचा. त्याच्याच पोटात सगळं. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्रॅम भरायचा. आज ती मशीनं हौशी लोक जपून ठेवतात, जशी काहीजण जुनी घड्याळं जपतात. चेन्नईच्या खाऱ्या हवेत चिपांचे पाय हिरवे पडतात, कपॅसिटर फुगतात, बॅटरी गळते. त्यांची दुरुस्ती करणारे आता थोडेच उरलेत, त्यातली मी एक. माझी पद्धत साधी आहे. आधी डोळे, मग नाक, आणि सगळ्यात शेवटी मीटर. पुष्कळसे बिघाड वासानेच कळतात.

मी मूळची कराडची. आयटीआयचा रेडिओ-टीव्हीचा कोर्स केलेला. लग्न होऊन आवडीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आले, कारण यजमान तिथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते. घरात बसून जीव रमेना म्हणून अंबत्तूरच्या एका लहानशा इलेक्ट्रॉनिक कंपनीत लागले. आणि त्या कंपनीमुळेच आज या हौशी मंडळींमध्ये मला भाव आहे. कारण मी मैना पाहिली आहे.

मैना हा आमच्या कंपनीने तयार केलेला घरगुती कॉम्प्युटर. तो बाजारात कधी आलाच नाही. एकच नमुना झाला, आणि तोही चालू अवस्थेत मोजकेच महिने होता. पण या छंदातल्या लोकांचं एक वेड असतं. जे मशीन दुकानात मिळत होतं त्याचे दोष सगळ्यांना पाठ असतात. जे आलंच नाही त्याला दोष कुठले असणार? त्यामुळे मैनेच्या कहाण्या वाढतच गेल्या. हौशी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, दर महिन्याच्या एका रविवारी एग्मोरच्या एका हॉटेलातला छोटा हॉल घेऊन ते भेटतात. तिथे मी काय काय ऐकलं! मैना तमिळ बोलत असे. मैनेला सोळा रंग होते. परदेशी कंपनीची माणसं याच एग्मोरमध्ये उतरली आणि पेटी भरून पैसे देऊन मैना मारून गेली. मी मनात हसायचे. पण कुणी विचारलं, "खरंच सोळा रंग होते का हो?" तर मी "हं" म्हणायचे. होते आठ. म्हातारपणी चार तरुण पोरं भोवती बसून आपलं बोलणं ऐकतात, याची चटक वाईट.

मैना घडवली ती रावसाहेबांनी. ते तंजावरकडचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी त्यांची माणसं तिकडे गेली आणि मी लग्न होऊन आलेली, तरी कामाच्या टेबलावर आम्ही दोघं मराठीतच बोलायचो. त्यांचं मराठी जुन्या पोथीतल्यासारखं, चाल मात्र तमिळ. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "बाई, तुम्हांस सोल्डरिंग येतें हें मी पाहिलें. आतां धीर येतो कां तें पाहूं." मी आठ महिने त्यांच्या हाताखाली धीर शिकले. मैनेचा बोर्ड, म्हणजे चिपा बसवायची पाटी, त्यांनी हाताने आखला होता. टेस्टिंगच्या खोलीत ते, मी आणि ती उघडी मैना. उघडी, कारण ती तापायची. झाकण आम्ही लावतच नव्हतो.

आता ती गोष्ट, जी मी कुणाला सांगितली नव्हती. यजमानांनासुद्धा नाही.

इकडे आयुधपूजा फार मोठी. आपल्याकडे खंडेनवमीला करतात तशीच, पण इथे लेथ मशीनपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना चंदनाचा टिळा आणि त्यावर कुंकू. त्या दिवशी यंत्राला काम सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, ते नव्याने सुरू करायचं. रावसाहेब त्या दिवशी घरी होते, त्यांच्याकडे पुस्तकांची पूजा असायची. आमच्या मालकांना, म्हणजे सगळे ज्यांना मुदलाळी म्हणत त्यांना, हौस आली की आरतीच्या वेळी मैना चालू असावी आणि पडद्यावर कोलम, म्हणजे रांगोळी, दिसावी. रावसाहेबांनी आदल्याच दिवशी तो प्रोग्रॅम लिहून पुरा केला होता, चालवून पाहायचा मात्र राहिला होता. पाच दिवसांनी कारखान्यात पैसा घालणारी मंडळी मैना पाहायला येणार होती, त्यांच्यासाठी.

टेस्टिंगमध्ये बाई मी एकटीच, म्हणून टिळे लावायचं काम माझ्याकडे. मीटरला लावला, सोल्डरिंग आयर्नला लावला, मुदलाळींच्या स्कूटरला लावला. मैनेपाशी आले. तिला लाकडी खोकं होतं, त्याच्यावर लावता आला असता. पण मला वाटलं, खोकं म्हणजे काही मैना नव्हे. आठ महिने जिच्यावर मान मोडून काम केलं ती तर ही आहे. आणि मी गुलाबपाण्यात कालवलेलं चंदन चिमटीत घेऊन थेट बोर्डावर, मधल्या मोठ्या चिपेवर टिळा दिला. वर कुंकू.

मग मैना चालू केली. पडद्यावर ठिपके उमटले, एकेक रेघ वळत गेली, कमळ झालं. टाळ्या वाजवणारे लोक टाळ्या विसरले. मग कापूर पेटला, घंटा सुरू झाली आणि मधेच पडदा पांढरा होऊन काळा पडला. "करंट!" म्हणून दोघेतिघे ओरडले, कारण अंबत्तूरला व्होल्टेज रोजच लंगडायचं. मुदलाळी म्हणाले, "पोगट्टुम." जाऊ दे. आज तसंही यंत्र चालवायचं नसतं.

सगळे प्रसादाला गेल्यावर मी वाकून पाहिलं. टिळा पातळ होता, तो चिपेच्या बाजूने घसरून पायांमध्ये उतरला होता. तिथे तांब्याच्या दोन रेषा शेजारून जातात, एक बारा व्होल्टची, एक पाचची. पाच व्होल्टवर जगणाऱ्या चिपांना बारा मिळाले तर त्या क्षणात मरतात. आणि कुंकवात चुना असतो. ते ओलं झालं की त्यातून वीज वाहते. हे मला शाळेतल्या पोराइतकं पक्कं ठाऊक होतं. फक्त टिळा लावताना मी टेस्टिंगवाली नव्हते, कराडच्या घरातली लेक होते.

मी कापूस आणि स्पिरिट घेतलं आणि बोर्ड पुसला. स्वच्छ पुसला. हे मी घाबरून केलं.

विजयादशमीला रावसाहेब आले, हात जोडले, बटण दाबलं. काही नाही. तासभर ते भिंग लावून बसले. जळलेली जागा त्यांना सापडली. चित्र काढणारी चिप परदेशातून मागवलेली, एकच होती, तीही गेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "बाई, तुम्हीं घरीं जा. चिंता करूं नका. हें माझें आहे." मग मुदलाळींच्या खोलीत जाऊन त्यांनी सांगितलं की दोष आखणीत आहे, दोन रेषा आपणच फार जवळ घेतल्या, नवा बोर्ड करायला निदान सहा महिने लागतील. पैसेवाले थांबले नाहीत. कंपनीने व्होल्टेज स्टॅबिलायझर करायला घेतले. रावसाहेबांनी महिन्याभरात नोकरी सोडली आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले.

मी त्या एका वाक्यावर चाळीस वर्षं काढली. "हें माझें आहे." त्यांनी कुंकवाचा डाग पाहिला, सगळं ओळखलं आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून दोष अंगावर घेतला, अशी माझी पक्की खात्री. इतक्या मोठ्या मनाच्या माणसाला जाऊन काय सांगायचं? त्यांनी झाकलं ते आपण कशाला उघडावं, असं म्हणत मी मूग गिळून बसले. दिवाळीला फोन करायचे, खुशाली विचारायचे, बस.

गेल्या वर्षी ओंकार माझ्याकडे आला. हा ओंकार नाशिकचा, ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात क्वालिटीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी जुने कॉम्प्युटर धुंडाळत हिंडतो. मला काकू म्हणतो. त्याने पिशवीतून कागदात गुंडाळलेली वस्तू काढली.

"काकू, बसून घ्या आधी. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात एका जुन्या दुकानाचा माळा रिकामा करत होते, तिथे मिळाला. मैनेचा बोर्ड आहे."

हातची आखणी मी लांबूनच ओळखली. माझे स्वतःचे सोल्डरचे टाके मला दिसत होते.

"आता हे बघा," तो म्हणाला. "आपला अंदाज खरा होता. मैना मेली नाही, तिला मारलीय. बारा व्होल्ट नेमका पाचच्या लाइनवर दिलाय, तोही इथे, जिथे दिला की चित्राची चिप आणि मेमरी दोन्ही जातात. आणि नंतर जागा स्पिरिटने पुसलीय, पॉलिश उडालंय बघा. हे अपघाताने होतं का? ज्याला डिझाइन तोंडपाठ आहे त्याचंच काम. आणि महिन्याभरात राजीनामा कुणी दिला?"

"कुणी?" मी विचारलं.

"तुमचे रावसाहेब. डिझाइन बाहेर विकलं आणि पुरावा जाळून टाकला. पुढच्या रविवारी एग्मोरला मी हे सगळ्यांना दाखवणार आहे, व्हिडिओही करतोय. एवढ्या वर्षांचं कोडं सुटलं, काकू!"

बिचारा आनंदाने फुलला होता. आणि त्याचं काम चोख होतं, हेच वाईट. जागा बरोबर, व्होल्ट बरोबर, स्पिरिटसुद्धा बरोबर. फक्त माणूस चुकला होता. मी भिंग लावलं. चिपेच्या पायामागे, जिथे माझा कापूस पोचला नव्हता, तिथे केसाएवढी लालसर पिवळी रेघ होती. ओंकारला ती गंज वाटली असावी.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हटलं, "बोर्ड आठवडाभर माझ्याकडे राहू दे." वासावरून बिघाड ओळखणारी म्हणून मिरवणारी मी, आणि समोरच्या पोराला खरं सांगायला जीभ उचलली नाही.

दोन दिवसांनी मी पश्चिम मांबळमला रावसाहेबांकडे गेले. आता ते चौऱ्याऐंशीचे आहेत, लेकीकडे राहतात. मनाशी ठरवून गेले होते, आधी त्यांचे आभार मानायचे, मग म्हणायचं की आता मला बोलू द्या, नाहीतर तुमच्या नावाला काळं लागतंय. ते खिडकीपाशी बसले होते. ओळखलं, हसले. "या बाई. कॉफी घ्या."

मी म्हणाले, "साहेब, तेव्हा तुम्ही मला वाचवलंत. त्याचं ऋण..."

"वाचवलें? कशापासून?"

मला वाटलं, वयामुळे विसरले. मी सगळं सांगितलं. टिळा, कुंकू, कापूस, स्पिरिट. बोलताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते आणि हळूहळू मला कळत गेलं. त्यांना यातलं काही आठवत नव्हतं असं नाही. त्यांना यातलं काही कधी ठाऊकच नव्हतं.

"तुम्ही म्हणालात ना, हे माझं आहे..."

"माझेंच समजत होतों मी," ते म्हणाले. "दोन रेषा जवळ घेतल्या. माझी चूक. म्हणून पुन्हां बोर्ड आखला नाहीं." मग म्हणाले, "पोरांना तोच शिकविला. दरवर्षीं फळ्यावर तीच आखणी काढीत होतों. असें करूं नये, म्हणून. पंचवीस वर्षें."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला, खुर्चीचा आधार घेत उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. दार लावून घेतलं. कॉफी तशीच राहिली. त्यांची लेक मला फाटकापर्यंत सोडायला आली, तिला काय झालं ते कळलं नव्हतं. "अप्पा असे कधी करत नाहीत हो," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आवडीला जाणाऱ्या लोकलमध्ये बसून मी विचार करत होते. ग्रुपमधल्या पोरांच्या अफवांना मी इतकी वर्षं हसले. पेटीभर पैसे, तमिळ बोलणारं मशीन. आपण हसे लोकाला! सगळ्यात जुनी, सगळ्यात खोटी अफवा मीच पोसली होती. रावसाहेबांना सगळं माहीत आहे आणि त्यांनी मला झाकलं, ही. तिला पुरावा काय, तर एक वाक्य आणि एक नजर. पण ती मला सोयीची होती. त्यांना थोर ठरवलं की मला तोंड उघडायची गरज उरत नव्हती.

रविवारी एग्मोरला गेले. ओंकारला बाजूला घेतलं नाही, त्याने सुरुवात करायच्या आधी सगळ्यांसमोर उभी राहिले. वीसेक माणसं असतील. भिंगाखाली ती रेघ दाखवली आणि सांगितलं. तमिळ येतं मला चांगलं, पण त्या दिवशी शब्द सापडत नव्हते. रंग आठच होते, हेही सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. एका आजोबांना ते पटेचना. परदेशी कंपनीने म्हाताऱ्या बाईला गप्प केलंय असं ते शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, मोठ्याने. ओंकारने लॅपटॉप मिटला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काकू, मी त्यांना चोर म्हणणार होतो. आज. इथे." मी म्हटलं, "तू एक आठवडा त्यांना दोषी धरलंस. मी चाळीस वर्षं त्यांच्यावर दोष राहू दिला." बोर्ड त्याने माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हा त्यांना द्या, माझ्याकडे नको.

पुन्हा मांबळमला जायला माझे पाय उचलत नव्हते. तरी गेले. या वेळी रावसाहेबांनी दार स्वतः उघडलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी बोर्ड त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी लेकीकडून दिवा मागवला, भिंग मागवलं, स्टीलची पट्टी मागवली आणि वाकून त्या दोन रेषांमधलं अंतर मोजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. पट्टी मी धरली होती.

"पुरेसें होतें," ते म्हणाले.

"पुरेसं होतं, साहेब."

"तुम्हीं तिला चालतांना पाहिलें? कोलम पुरें आलें?"

"पुरं आलं. कमळ आलं. एक रेघ चुकली नाही."

त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. सगळ्या कारखान्याने पाहिलं, ज्याने केलं त्याने नाही. मला रडू आवरेना. काहीतरी दिलासा द्यावा म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "त्या पोरांना मी सगळं सांगितलंय. तुम्हाला आता कुणी चोर म्हणणार नाही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"तीं मला चोर म्हणत होतीं, हें मला ठाऊकच नव्हतें, बाई. त्यानें माझें कांहीं गेलें नाहीं. मी मला अडाणी म्हणत होतों. तें तुम्हीं एका शब्दानें थांबवूं शकत होतां."

क्षमा केली असं ते म्हणाले नाहीत, आणि मागायची माझी छाती झाली नाही. बोर्ड त्यांच्यापुढे ठेवून मी उठले, तेव्हा ते पुन्हा भिंग लावून वाकले होते आणि एका रेषेवरून बोट फिरवत ती कुठे जाते ते पाहत होते.